उलट्या टोकाकडून

जुलै संपताना या, ओस्टाप फोनवर म्हणाला होता.
हिवाळ्यात सगळंच पांढरं, बर्फ वितळला की सगळाच चिखल.
जुलैत गहू सांगतो.

आणि खरंच. टेकाडावरून (टेकाड कसलं,
धान्यकोठाराचा पडका चौथरा तो, सस्कॅचेवानात
तेवढीही उंची पुष्कळ)
पिवळसर होऊ लागलेल्या रानात एक पट्टा दिसला
वीतभर बुटका, जरा फिकट,
दक्षिणेला नाकासमोर जाऊन डबक्यापाशी वळलेला.
पंचेचाळीस वर्षं नांगर फिरतोय त्याच्यावरून.
खडी खाली गेली, राख खाली गेली,
मुळं अजून ठेचकाळतात.

माझ्याकडे एकतीस सालचा नकाशा, घड्यांवर चिकटपट्टी.
जंक्शनपासून पहिलं टार्बेट: तिथं आता खताची टाकी.
हॅलिबर्न मिळालंच नाही.
दोन तास हिंडलो. मग एका बॅजरच्या बिळाबाहेर
उकरलेली माती काळी निघाली, कोळशाची,
तेव्हा कळलं, आपण फलाटावर उभे आहोत.

ल्यूबिन शेवटचं.
कॅरागानाची झुडपं चौकोनात, मधे गवत.
स्टेशनमास्तरच्या बायकोनं लावली, ओस्टाप म्हणाला,
वाऱ्याला आडोसा म्हणून.
वारा आहे. आडोसा आहे.
तो पुढे काही बोलला नाही, बूट झटकत राहिला.

रूळ काढतात कसे, माहितेय?
नाही म्हटलं.
स्वेटर उसवतात तसे. शेवटच्या टोकाकडून.
काढलेले रूळ न्यायला गाडी लागते
आणि गाडीला रूळ लागतात.
म्हणून तुम्ही पुढं पुढं सरकता
आणि मागचं तेवढं नाहीसं करत जाता.
एकोणीस वर्षांचा होतो. पगार बरा होता.
माझ्या आज्यानं या मार्गावर खिळे ठोकलेले,
मी तेच उपटत होतो, काही अजून सरळ होते.

सप्टेंबर. सकाळी गवतावर कडक दव.
ल्यूबिनच्या फलाटावर पारास्का मेलनिक उभी,
डोक्याला रुमाल, हातात पेटी, काखेत कुबडी.
मुकादम म्हणाला, आजी, गाडी मे महिन्यातच बंद झाली.
ती म्हणाली, माझा पाय एप्रिलमध्ये मोडला.
आणि तिकीट दाखवलं.
ल्यूबिन ते टार्बेट. बहिणीकडे.
कंपनी पैसे परत देते म्हणाली होती.
पैसे कशाला? पैसे देऊनच तर घेतलंय.

मुकादम आमच्याकडे बघेना, आम्ही त्याच्याकडे.
मग दोघांनी तिला उचललं,
उघड्या वाघिणीत, रुळांच्या थप्पीवर,
खाली माझा कोट.
दिवसाला दोन मैल. तेवढंच उसवून व्हायचं.
म्हणजे चार दिवस.
रात्री ती गँगच्या डब्यात झोपायची, आम्ही बाहेर.
दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक तिनं घेतला,
आमच्या रश्श्याला तिनं नाव ठेवलं ते सांगत नाही.
दिवसभर मागं तोंड करून बसायची.
मागं काय होतं बघायला?
स्लीपरचे ठसे. ओळीनं.
अंथरुणावर उठल्यावर राहतो ना, तसा खळगा.

टार्बेटला बहीण उभी होती, चार दिवस रोज येऊन.
उतरताना पारास्कानं तिकीट पुढं केलं: टोच.
माझ्याकडे टोचणी कुठली. खिळ्यानं भोक पाडलं.
ती म्हणाली, एवढंच नको, फाडून दे.
तेव्हा बघितलं, जोडतिकीट होतं. जाण्याचं आणि परतीचं.

मी नकाशावर पेन्सिल टेकवून बसलो.
रजिस्टरमध्ये शेवटचा प्रवासी मे महिन्यातला,
नाव नाही, भाडं आहे.
मग? परतीच्या अर्ध्याचं काय केलं तिनं?

ओस्टापनं पिकअप सुरू केली.
आपण ओलांडलं ते कळू नये इतक्या सपाट जागी
वेग कमी केला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे,
आणि म्हणाला,
घडी घालून पाकिटात ठेवलं. काय करणार?
विचारत होती, संध्याकाळची किती वाजता.