काटा

ज्वारी मोजायच्या काट्यावरच
रोज सकाळी अनसूयेला उभी करतो.
चप्पल काढ. भिंतीला हात लावू नको.
बेचाळीस सातशे. काल बेचाळीस दोनशे.
हे पाचशे ग्रॅम कुठून आले?
पायावर अंगठा दाबून पाहतो.
खड्डा राहतो.

वर्ध्याच्या डॉक्टरनं
दिवसाचं एक लिटर पाणी लिहून दिलंय.
मे महिना. आर्वी रोडचं डांबर चपलेला चिकटतं.
बाटलीवर मी रेघा मारल्यात,
ही सकाळची, ही गोळ्यांची, ही रात्रीची.
ती रेघांकडे पाहते,
मी तिच्याकडे पाहत नाही.
माझं पाणी मी चक्कीमागे जाऊन पितो,
घटाघट, चोरासारखं.

पट्टा सुरू असला की तिचा खोकला ऐकू येत नाही,
म्हणून बैलाची जुनी घंटी वर टांगली,
सुतळी भिंतीच्या भोकातून खाटेपर्यंत.
लोक म्हणतात, दिगांबरभाऊ,
पीठ आजकाल जाडं येऊन राह्यलं.
येतं.
माझा एक कान घंटीत असतो.

एकदा वाटलं, वाजून जावो एकदाची.
त्या दिवशी कुणाचंच दळण घेतलं नाही.
शटर अर्धं ओढून बसून राहिलो.

काल खरंच वाजली.
गहू तसाच टाकून धावलो,
अंगभर पीठ, धडधड माझ्याच छातीत.
ती उठून बसलेली.

"काही नाही जी," म्हणाली,
"लय ऊन हाये. पानी पेले काय?
चोरून काहून पेता?
इथंच प्या, माह्यासमोर.
मी पायतो."