चढणीवरचा एक सेकंद

ग्लेइडसन म्हणाला, बाई, मारियानातच एक फेरी मारू,
सपाट रस्ता आहे, मस्त पळते.
मी म्हटलं, सपाट रस्त्यावर हातगाडीही मस्त पळते.
मला ओरो प्रेतोची चढण हवी,
माझ्या दारापर्यंतची, दगडी, तिरकी,
जिथं कचऱ्याचा ट्रकसुद्धा कुंथत वर जातो.

त्याआधी डिकी.
त्यानं लिटर सांगितले.
मी बाबांची चाकांची खुर्ची सोबत आणली होती.
घडी करून उभी घातली, मग आडवी,
मग डावं चाक काढून. बसली.
चाक कुणाच्या तरी मांडीवर जाईल, एवढंच.
खुर्ची घालून कुणी बघत नाही सहसा, तो म्हणाला.
त्याच्या शर्टाला अजून दुकानातल्या घड्या होत्या.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
मी पाय सोबत आणूनच अंथरूण मोजत होते.
कावेचे गुडघे, बारा वर्षांचे, थांबायचं नाव न घेणारे.
ताइनाची उंच गादी.
आणि मधोमध तो उंचवटा,
ज्यावर कोण बसणार याचं भांडण
शोरूमच्या दारातच सुरू झालं.
शेवटी ग्लेइडसन बसला. गुडघे हनुवटीला लावून
त्यानं मला हप्ते समजावले. साठ.
साठाव्या हप्त्याला कावे सतरा वर्षांचा असेल,
आणि बाबा,
मी आरसा नीट केला.

एक लिटरचं इंजिन. दुधाच्या एका पिशवीएवढं,
आणि त्याच्यावर आम्ही पाच जण,
शनिवारचा तांदूळ, काळा घेवडा, कधीमधी सासूबाई.
टर्बो करतो काय? कावेनं विचारलं.
जो धूर फेकून द्यायचा, ग्लेइडसन म्हणाला,
त्यावरच एक भिंगरी फिरते, ती जास्तीची हवा आत कोंबते.
म्हणजे कालच्या भाताची फोडणी, मी म्हटलं.
त्याला कळलं नाही. बाबा हसले,
थोड्या वेळानं.

उसाच्या इंधनावर किती देते, तेही त्यानं सांगितलं.
मी त्यातलं पाव कापलं,
दिराच्या बोलण्यातलं कापते तसं.
पहिल्या गतिरोधकावर पोट घासलं.
ते लिहून ठेवलं.

मग चढण.
पाय दाबला.
काहीच नाही.
मागून हॉर्न. दगडांवर चाकं नुसती उभी,
ताइनानं श्वास धरलेला,
खिडकीत वाळत घातलेली एक चादर, तीही थांबलेली,
आणि मी दुसरा गिअर की पहिला, या विचारात.
एक सेकंद असतो असा, मागून ग्लेइडसन घाईघाईनं,
सगळ्याच छोट्या टर्बोंना असतो, सवय होते, म्हणजे बघा...

बाबांचा डावा हात आला, गिअरच्या दांड्यावर, माझ्या हातावर.
एकतीस वर्षं खाणीचा ट्रक चालवलेला हात.
गेल्या मेपासून त्यांचा प्रत्येक शब्द
असाच खालून चढत येतो,
आणि तोवर लोक पुढचा प्रश्न विचारून मोकळे होतात.
डॉक्टर. बँकवाली. मीसुद्धा,
भांडी घासताना, पाठमोरी.

"थांब," बाबा म्हणाले.
मग बराच वेळ नुसतं इंजिन, तीन सिलिंडरची थरथर.
कुणीही त्यांचं वाक्य पुरं केलं नाही.
"येते... ती."

आणि आली. पाठीला एक धक्का,
दगड मागं पळू लागले, चादर गेली,
दोन्ही पोरं एकदम ओरडली,
ग्लेइडसनचं डोकं छताला लागलं.
(उंची कमी आहे मागं. तेही लिहिलं.)

घरी वांडर्ले रात्रपाळी करून झोपला होता.
उठला की एकच विचारेल, महिन्याला किती.
मी सांगेन. डिकी, पोट, छत, सगळं सांगेन.
तो एक सेकंद कुठल्या रकान्यात लिहू,
हे अजून ठरत नाहीये.

उतरताना पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या.
मागं कावेच्या मांडीवर खुर्चीचं चाक,
तो एका बोटानं ते फिरवत होता.
मी बाबांना विचारलं, रंग कुठला घेऊ?
आणि ब्रेकवर पाय ठेवून
वाट बघत बसले.