शेऱ्याचा रकाना

मल्लव्वा अंबिगेर आधी बांगड्या वर सरकवते
कोपरापर्यंत, आणि त्यांच्यावर चिंधी आवळते.
काढायच्या नाहीत, नवरा आहे. वाजायच्याही नाहीत.
माघातली पहाट, कृष्णेवरून चढलेलं धुकं,
उगारच्या अंगानं येणारा मळीचा आंबूस वास,
आणि आमच्या पैदास-तळ्यात त्रेसष्ट मगरी.
आज मोजणी आहे हे त्यांना
फाटकाच्या कडीवरूनच कळतं.

म्हणून कडीला तेल. काल रात्रीच.

"हगूर," ती म्हणते.
नवा पोरगा, तौफिक मुजावर, मिरजेकडचा, हसू दाबतो.
कानडीत त्याचा अर्थ हळू, मी सांगतो,
मराठीतला तुला थोड्या वेळानं कळेलच,
सत्तावीस नंबरनं शेपूट फिरवल्यावर.

पोती तागाची, खताची नव्हेत,
कालपासून तळ्याच्याच पाण्यात भिजवलेली.
पोतं डोळ्यांवर पडलं की
मगरीचं अर्धं जग विझतं
आणि उरलेलं अर्धं ती कातड्यानं ऐकते:
बांधावरचा उसाचा ट्रॅक्टर, तौफिकची धाप,
त्याच्या खिशातल्या मोबाईलचं थरथरणं.
मल्लव्वा नुसतं बोट दाखवते. मोबाईल बाहेर.
तिच्या आजाची नाव होती कुडचीच्या उताराला.
तो मगरीला म्हणे मोसळी म्हणतच नसे,
"अक्का," म्हणायचा, "थोडी सरक की."

गेल्या साली हे काहीच नव्हतं.
कारखान्याचे पाहुणे, त्यांची पोरं, एक फोटोवाला.
एक्केचाळीस नंबर धरताना पाणी घुसळून घुसळून दमला,
मग त्याला फळीवर बांधला,
जबड्यावर सायकलची ट्यूब, गळ्यात झेंडूचा हार,
पंचवीस मिनिटं. जास्तच असतील.
तो हलला नाही.
एक बाई म्हणाल्या, किती गरीब आहे हो.
सगळ्यांनी हात लावला. मीसुद्धा, खोटं कशाला.
संध्याकाळी पाण्यात सोडला
आणि वहीत लिहिलं, माझ्याच अक्षरात,
शेऱ्याच्या रकान्यात: शांत. त्रास दिला नाही.

सकाळी पोट वर होतं.

चिकोडीचे डॉक्टर हुक्केरी उकिडवे बसले.
कबड्डी खेळलाय ना कधी? पोटऱ्या भरून येतात,
तेच आंबट ह्याच्या सगळ्या अंगात साठलं, रक्तात उतरलं.
दमलेली मगर शांतच दिसते.
मग त्यांनी वही मागितली, वाचली
आणि काही न बोलता परत दिली.
ते पान मी फाडलेलं नाही.

सत्तावीस.
दोर, पोतं. तौफिक पाठीवर, पण भार स्वतःच्याच गुडघ्यांवर,
मल्लव्वेचा तळहात डोळ्यांच्या मागं,
मी टेप लावतो: एक मीटर बावन्न.
शेपटीच्या मुळाशी जुने दात उमटलेले, शेजाऱ्यांचे.
तळं लहान पडतंय, हे वर तीनदा कळवलंय.
शेपूट एकदाच फिरतं. तौफिकला मराठी कळते.
"किती झालं?"
"दोन मिनिटं."
"मग वजन ऱ्हाऊ दे. वजनाबिगर मरती व्हय ती?"
तराजू तसाच टांगलेला.
दोर सुटतो, आम्ही दोघं बाजूला,
पोतं सगळ्यात शेवटी, तिच्या हातानं.
ती उलट्या पावलांनी येते, चिखलात आवाज न करता.
सत्तावीस तिथंच.
तिथंच.
मग पाणी तिच्यावर मिटलं.

वहीत: दोन मिनिटं चाळीस सेकंद हातात. वजन नाही.
शेरा: माहीत नाही. खाते का, बघायचं.

काल टाकलेली कोंबडी तशीच. परवाची उचलली, मुंग्यांसकट.
मल्लव्वा संध्याकाळी फाटकाशी येते, आत येत नाही,
एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून विचारते,
तिंदू काय गं ती?
मी मान हलवतो.
आज तिसरा दिवस.