क्वाइट नाइस

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
जिथं माग बंद पडला की कान दुखतात,
मी टॉवेलांची इंग्रजी सांभाळते.
मेल वाचते, मेल लिहिते,
मधल्या वेळात पंखा कुणाकडं फिरवायचा यावरून भांडते.

लीड्सच्या फिओनाबाईंनी नमुना पाहून कळवलं,
रंग क्वाइट नाइस आहे.
येमूल शेठ म्हणाले, क्वाइट म्हंजे?
मी म्हटलं, लईच.
गड्डमबाईंनी शाळेत तसंच सांगितलेलं.
लईच छान रंगाचे चार हजार टॉवेल विणून झाले.

मग आलं,
किनारीकडं तुम्हाला कदाचित पुन्हा एकदा बघावंसं वाटेल.
आम्ही बघितलं.
शेठनी बघितलं, चिलवेरी मास्तरांनी चष्मा पुसून बघितलं,
उन्हात नेऊन बघितलं.
मी लिहिलं, पुन्हा बघितली. छान वाटली. थँक्यू.

तीन दिवस काहीच नाही.
मी विचारलं, आय हॅव अ डाउट.
एका पेटीत किती नग, एवढंच होतं मनात.
उत्तर आलं, संशयाचं कारण समजलं नाही,
बँकेचं पत्र सोबत जोडलं आहे.

पैसे आले, कापून.
खाली एक ओळ, वुई मस्ट डू धिस अगेन समटाइम.
मस्ट म्हणजे सक्ती, हेही गड्डमबाईंचंच.
शेठनी त्या रंगाचं सूत दिवाळीपर्यंत राखून ठेवलं.
उंदरांनी त्यात संसार थाटला.

मला कळायला पाहिजे होतं की वो.
घरात तेलुगू, शाळेत मराठी, भाजीवालीशी कन्नड,
अशी वाढलेली पोरगी मी.
आमच्यात दिवा विझत नाही, डोंगर चढतो.
शेजारच्या मराठी काकूंची बांगडी फुटत नाही, वाढते.
शेठ ‘बघू’ म्हणाले की यंदा पगारवाढ नाही
हे वॉचमनलाही कळतं.
मला बघून गेलेले पाहुणे दारात म्हणाले,
मुलगी चांगलीय, कळवतो.
आईनं नव्या बश्या त्याच रात्री पुसून
माळ्यावर टाकल्या.
कुणी काही बोललं नाही.

इंग्रजी तेवढी सरळ वाटलेली मला.
लेबलावर असते तशी,
शंभर टक्के कापूस, गरम पाण्यात धुवा.

एप्रिलात फिओनाबाईंचा व्हिडिओ कॉल आला.
त्या रंगाचं मी नको म्हणाले होते, म्हणाल्या,
आय वॉज क्वाइट क्लिअर.
म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.
त्या हसल्या. मीही हसले.
दोघींचं हसणं एकाच गोष्टीला होतं का, माहीत नाही.

कॉल ठेवताना तोंडातून निघून गेलं,
ओके मॅडम, आय विल कम.
जाते कसं म्हणायचं, भरल्या दिवसा?

दुसऱ्या दिवशी मेल.
किती छान! कधी?
पाहुण्यांची खोली उत्तरेकडं आहे,
जरा गारठा असतो, जाड काहीतरी आणा.

बाहेर बेचाळीस होतं.
मेल मी पाच वेळा वाचला,
शेठना दाखवला नाही.
‘कधी’ म्हणजे कधी,
की ‘कधी’ म्हणजे ‘कळवतो’?

अजून उत्तर दिलेलं नाही.
एक चादर मात्र बाजूला काढून ठेवलीय,
जाड,
किनार पुन्हा बघितलेली.