हेडखालचा पत्रा

वाशीला कोथिंबीर टाकून रिकाम्या क्रेट घेऊन येताना
कसाऱ्याच्या चढाला पांढरा धूर.
निंबाचा छोटा हत्ती दोरीने ओढत आणला आडगाव नाक्यावर.
इद्रिसमामांनी डिपस्टिक काढली, तेल बोटावर चोळलं:
"चहा झालाय. दूध जास्तच."

हेड उचललं.
दोन सिलिंडरमधली गॅस्केटची किनार जळालेली,
नखाएवढी.
"एवढ्याशासाठी?" निंबा.
"आग, पाणी, तेल. तिघं शेजारी राहतात.
मधली भिंत पापडाएवढी."

मला ब्लॉक पुसायला बसवलं.
ओरखडा नको.
बोल्टच्या भोकात थेंबभर तेल राहिलं,
तर बोल्ट खोटं बोलतो, घट्ट झालो म्हणतो.
हेडवर पट्टी आडवी धरून पाहिली,
खालून उजेड येतो का.

मी सिलंटची ट्यूब काढली. हातावर चापट.
"हे कोरडंच बसतं."

नवं ठेवलं, खुणेची बाजू वर.
मधला बोल्ट आधी, मग त्याच्या समोरचा,
असं फिरत फिरत कोपऱ्यांकडे.
तीन फेऱ्या. पहिली नुसती ओळखीची.
शेवटची, पाना 'टक्' म्हणेपर्यंत.
त्यापुढे केसभरही नाही.

निंबाला पहाटे दिंडोरीचा माल भरायचा होता,
तो सारखा घड्याळ बघत होता.
मामांनी उत्तर दिलं नाही. पाना बोलत होता.

रात्री नऊला इंजिन लागलं.
सायलेन्सरला धरलेला माझा तळवा कोरडा.

जुनं गॅस्केट मी दारातल्या खिळ्याला टांगलंय.
एका गोलातून मुंबईकडे जाणारे ट्रक दिसतात,
दुसऱ्यातून येणारे,
अन् मध्ये ती जळकी किनार.