रकाना अकरा

फॉर्म क्रमांक एकशे चौदा.
रकाना अकरा : घरापासून दवाखान्याचं अंतर, किलोमीटरमध्ये.
जुरेमाने तिथे काहीच लिहिलेलं नाही.
नुसती रेघ, आणि रेघेवर
पाण्याचा वाळलेला डाग.

माझं काम सोपं आहे.
मानाउसला तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
मी कागदावरचे आकडे पडद्यावर नेतो.
रिकाम्या जागी नऊशे नव्व्याण्णव भरायचे, असा नियम.
नऊशे नव्व्याण्णव म्हणजे माहीत नाही.
यंत्र ते वेचून काढतं, तांदळातल्या खड्यासारखं,
आणि उरलेल्यांची सरासरी शिजवतं.

पण या फॉर्मच्या पाठीमागे
पेन्सिलीने, होडी हलत असताना लिहिलेलं :

ओस्मारिना, वय त्रेसष्ट, सुईण.
विचारलं, दवाखाना किती लांब?
म्हणाली, कुठल्या महिन्यात?
मार्चमध्ये पाणी जंगलात शिरतं.
झाडांच्या कमरेतून आडवाटेने गेलं
तर पहाटे निघून जेवणवेळेला पोचतो.
सप्टेंबरात नदी हाडं दाखवते.
मग वळणामागून वळण,
वाळू लागली की उतरायचं, होडी ओढायची,
दोन रात्री.
मार्चमध्ये पेट्रोल बारा लिटर.
सप्टेंबरात चाळीस,
म्हणजे कसाव्याच्या पिठाचं दीड पोतं,
म्हणजे आधी पोतं विकायचं, मग आजारी पडायचं.
माझ्या भाचीला, निल्वाला, सप्टेंबरात
रक्त जायला लागलं.
दवाखाना होता तिथेच होता.
आम्ही तीन वळणं अलीकडे होतो.
तू असं कर, तीन वळणं लिही.

मी लिहून पाहिलं.
पडदा अक्षरं घेत नाही.

उपग्रहाला विचारलं.
उपग्रहाने पक्ष्यासारखी सरळ रेघ ओढली :
एकोणीस किलोमीटर.
एकोणीस म्हणजे हिरवा ठिपका.
हिरवा म्हणजे सोय आहे,
पुढचं गाव घ्या.

त्या रात्री घरी गेलो नाही.
पेटीतले सगळे फॉर्म उलटे करून पाहिले.
बहुतेकांच्या पाठी कोऱ्या.
एकावर कुणा मुलाने काढलेला मासा,
एकावर जुरेमाच्याच हातचं,
“इथे वाट पाहणं हाही खर्च आहे, कुठे मांडू?”

सकाळी विभागप्रमुखांना न विचारता
एक रकाना वाढवला. अकरा-अ : पाणी.
मग महिना सरकवत गेलो.
मे, जून, जुलै,
आणि नकाशावरचे हिरवे ठिपके
विझत गेले एकेक,
दिवाबत्ती संपल्यावर गाव विझावं तसे.

डॉक्टर तेओदोलिंदो बराच वेळ उभे राहिले.
चष्मा पुसला.
म्हणाले, तरंगता दवाखाना आपण
एप्रिलमध्ये पाठवतो.
मी म्हटलं, हो.
म्हणाले, तेव्हा तर सगळ्यांना येताच येतं.
मी म्हटलं, हो.
म्हणाले, निधी तेव्हाच येतो ना.
यावर मी काही बोललो नाही.

अहवाल ऑक्टोबरात वर गेला.
परिशिष्टात, छापील ओळींच्या मध्ये
मी निल्वाची तीन वळणं ठेवली आहेत.
कुणी काढून टाकली असतील तर माहीत नाही.

उत्तर अजून आलेलं नाही.
नोव्हेंबर लागला. जुरेमाचा फोन होता,
घाटाच्या दोन पायऱ्या बुडाल्या म्हणाली.

पाणी चढतंय.
आणि एकदा पाणी चढलं की
आमचे सगळे जुने नकाशे
पुन्हा खरे दिसायला लागतील.