कडबा उचलल्यावर

समोरच्या शिवारातला कडबा ट्रॅक्टरनं उचलला
त्याच रात्री ते आले.
आधी आवाज. पत्र्यावर नव्हे, पत्र्याच्या आत,
कुणी कोरडी भाकरी फार सावकाश खातंय असा.
पेंटप्पा म्हणाले, वारा आहे.
वारा तेंदूची पानं खात नाही, म्हटलं, आणि लाईट लावली.

ओल्या पोत्यातली जुडी सकाळी सोडली
तर प्रत्येक पानाला पोस्टाच्या तिकिटासारखी कड.
हजार विड्यांतल्या चाळीस छाटात गेल्या.
चेकरनं वर विचारलं, घरात शेळी बांधली काय हो बाई?

कुंभारीच्या अंगाला आमची शेवटची ओळ.
पुढे रस्ता नाही, भिंत नाही, एकदम ज्वारी.
घर मिळालं तेव्हा जो तो म्हणाला, हवेशीर आहे.
हवेमागून काय काय चालत येतं
ते कुणी बोललं नाही.

शमशादआपानं गोळी दिली, कणकेत मळून ठेवली.
एक मेला. कुठे मेला ते आठ दिवस शोधत होतो.
ऊद जाळला, लिंबं कापून ठेवली,
पाहुणे दारातूनच चहा नको म्हणून गेले.
मग चिकट पुठ्ठा आणला.
त्यावर रात्री एक अडकला आणि ओरडायला लागला,
भार्गवीचा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर.
पोरीनं वाटीभर शेंगतेल ओतून त्याला सोडवलं.
पेंटप्पा उंदरावर नाही, तेलाच्या भावावर ओरडले.

पिंजऱ्यात भजं लावलं, हुंगून गेले.
खोबरं लावलं, तेही तसंच.
कडक भाकरीला लाल शेंगाचटणी फासली
तेव्हा कुठे दार खाडकन पडलं.
सोलापूरचेच म्हणायचे.

पेंटप्पा सायकलीला पिंजरा अडकवून
रुळापलीकडे सोडून यायचे.
भार्गवीनं एकाच्या शेपटीला नेलपॉलिश लावली, गुलाबी.
तिसऱ्या रात्री गुलाबी शेपूट
पिठाच्या डब्यामागून शांतपणे गेली,
ड्युटीवरून परतलेल्या माणसासारखी.

ते आधीचे, आम्ही मागाहून आलो, हे कळतं मला.
पण डबा माझा आहे.

शेवटी ट्रंक ओढली. तिच्यामागे घरटं.
मामंजींच्या जुन्या गाठोड्यातला सूत, चिंध्या,
माझ्या विडीचा दोरा, कशाची तरी पावती,
आणि मधोमध पाच पिल्लं, सोललेल्या शेंगदाण्यासारखी.
सुपलीत घेतली, बांधावर ठेवली, मागे न बघता आले.
सकाळी तिथे काही नव्हतं.
आईनं नेली का कावळ्यानं, बांधाला ठाऊक.
मी त्या दिवशी नऊशेच विड्या वळल्या.

घरटं मात्र मामंजींनी टाकू दिलं नाही.
चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढलेला माणूस,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
बोटांनीच वाचत बसले:
हा हिरवा मोराच्या पिसाऱ्यातला.
हा माझ्या हातचा नाही, फार पीळ आहे.
उभा नाही, आडवा नाही, म्हणाले,
तरी कसं धरून ठेवलंय बघ हरामखोरांनी.

मग सिमेंटात काचा कालवून भोकं बुजवली,
दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली.
शिवारात दगड रोवलेत, दगडांवर आकडे.
पुढच्या साली ज्वारी नाही, प्लॉट आहेत म्हणतात.
तिथे राहायला येणाऱ्यांना
हवेशीर आहे म्हणून सांगायला मी आहेच.

परवा रात्री पुन्हा तोच आवाज.
बारीक, थांबून थांबून.
उठले, हातात खराटा घेतला, लाईट लावली.
मामंजी भिंतीला टेकून बसलेले,
मांडीवर घरटं, शेजारी अर्धी भरलेली कांडी.
झोपा की आता, म्हटलं.
लाईट घालव, म्हणाले, मला काय तिचा उपयोग.
एवढी एक गाठ सुटंना झालीय.